प्रथिनं केंद्रकापर्यंत पोहोचतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या खेड्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना विद्यार्थी आणि त्यांचे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. काही प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवले आहेत. पाठ्यपुस्तकात हा विषय चार ओळींत उरकतो, पण धानाचा कडा करपा, सोयाबीनचा येलो मोझॅक आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा नवा उपचार हे तिन्ही समजून घ्यायचे तर याच विषयाशी यावं लागतं. सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. केंद्रकात कोणी जायचं हे प्रथिनाच्या रचनेतच लिहिलेलं असतं. पेशी तेवढंच वाचते, प्रथिन घरचं की परकं हे ती विचारत नाही.

सर, प्रोटीन बनते कुठं, अन् त्याले केंद्रकात जाचं काहून असते?

प्रथिनं रायबोसोमवर बनतात आणि रायबोसोम असतात केंद्रकाबाहेर, पेशीद्रव्यात. डीएनए मात्र केंद्रकात. डीएनएची प्रत काढणारी, जनुकं चालू-बंद करणारी, तुटलेला डीएनए सांधणारी सगळी प्रथिनं बाहेर तयार होतात आणि कामाला आत जातात. तंतुकणिका आणि हरितलवक आपली काही प्रथिनं स्वतः बनवतात, केंद्रक एकही बनवत नाही.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो. तो ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, तीसुद्धा बाहेरूनच येतात. पेशी विभाजनाआधी डीएनएची दुसरी प्रत काढते, तेव्हा दर ३ मिनिटांत सुमारे १० लाख हिस्टोन आत पोहोचवावे लागतात.

रायबोसोमचा प्रवास तर मला या सगळ्यात विलक्षण वाटतो. त्याची स्वतःची प्रथिनं पेशीद्रव्यात बनतात, मग केंद्रकात जातात, तिथे आरएनएबरोबर त्यांची जुळणी होते आणि अर्धवट तयार रायबोसोम पुन्हा बाहेर येतो. ज्या कामासाठी तो शेवटी बाहेरच बसणार, त्यासाठी त्याच्या भागांना आधी आत जाऊन यावं लागतं.

केंद्रकात जाणारं प्रथिन आंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्जी संकुलातून जातं का?

नाही. परीक्षेत सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. तो मार्ग पेशीबाहेर सोडायच्या, पेशीपटलावर बसायच्या किंवा लयकारिकेत जायच्या प्रथिनांचा. त्या मार्गावरच्या पुटिकांच्या, म्हणजे पटलाच्या छोट्या पिशव्यांच्या, वाहतुकीवरील कामासाठी रॉथमन, शेकमन आणि स्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं, म्हणून मुलं तोच मार्ग सगळीकडे लावून मोकळी होतात.

केंद्रकाकडे जाणारी बहुतेक प्रथिनं मोकळ्या रायबोसोमवर बनतात, तिथेच घडी होऊन आपला आकार घेतात आणि पेशीद्रव्यातून थेट केंद्रकाकडे जातात. तंतुकणिकेत शिरताना प्रथिनाची घडी उलगडावी लागते. केंद्रकात ते घडीसकट जातं, कधी कधी जोडीदार प्रथिनासकट.

त्याले रस्ता कोण दाखवते?

केंद्रकाजवळ पोहोचण्यापुरता तरी कोणी नाही, आणि बहुतेक वेळा गरजही नसते. पेशीद्रव्यातले रेणू सतत एकमेकांवर आपटत, इकडेतिकडे हलत असतात. साधारण प्राणीपेशी १० ते २० मायक्रोमीटरची असते. मध्यम आकाराचं प्रथिन या आपोआप हालचालीनेच काही सेकंदांत तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचतं.

काही प्रथिनांना मात्र वाहून नेलं जातं. पेशीत सूक्ष्मनलिकांचं जाळं असतं आणि त्यांवरून डायनिन नावाचं मोटर प्रथिन ओझं घेऊन केंद्रकाच्या दिशेने चालतं. कर्करोगापासून राखण करणारं पी-५३ असंच जातं. मज्जापेशीत तर याला पर्यायच नाही. पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलेल्या संवेदी मज्जापेशीचं केंद्रक पाठीच्या कण्याजवळ असतं, म्हणजे मोठ्या माणसात जवळपास १ मीटर लांब. पायात काटा खोल रुतून तो तंतू दुखावला, तर त्याची खबर देणारी प्रथिनं केंद्रकापर्यंत यावी लागतात. ती नुसती तरंगत यायची म्हटली, तर हिशोबाने हजार वर्षांहून जास्त काळ लागेल. डायनिन तेच अंतर काही दिवसांत कापतं.

केंद्रकाला भोकं असतात म्हणजे नेमकं काय असतं?

केंद्रकाभोवती दुहेरी पटल असतं आणि त्यात जागोजागी केंद्रकछिद्रं असतात. १९५० मध्ये कॅलन आणि टॉमलिन यांनी उभयचरांच्या अंडपेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती पहिल्यांदा पाहिली. छिद्र म्हटलं की रिकामं भोक डोळ्यांपुढे येतं, पण ही पेशीतल्या सर्वांत मोठ्या प्रथिन-रचनांपैकी एक आहे. सुमारे ३० प्रकारची प्रथिनं मिळून माणसाच्या एका छिद्रात जवळपास १,००० तुकडे बसवलेले असतात, आठ सारख्या भागांत, गोलाकार. बाहेरचा व्यास साधारण १२० नॅनोमीटर. माणसाच्या एका पेशीत अशी काही हजार छिद्रं असतात.

छिद्राच्या मधल्या वाटेत काही प्रथिनांचे लांबच लांब, घडी न झालेले धागे लोंबत असतात. त्यांत फेनिलअॅलनिन आणि ग्लायसिन ही अमिनो आम्लं जोडीने पुन्हा पुन्हा येतात. या धाग्यांमुळे मधली वाट भरून जाते. साधारण ४० किलोडाल्टनपेक्षा (हे रेणूचं वजन मोजायचं एकक) लहान प्रथिनं त्यातून आपोआप झिरपतात. त्याहून मोठ्यांना सोबत लागते.

शाळेच्या मायक्रोस्कोपात ही छिद्रं दिसतील का?

नाही. साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. पण केंद्रक नक्की दिसतं. कांद्याच्या आतल्या पापुद्र्याचा नखाएवढा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरवा, त्यावर आयोडीनचा एक थेंब टाका, आच्छादन काच तिरकी टेकवून अलगद खाली सोडा म्हणजे हवेचे बुडबुडे राहणार नाहीत. आधी कमी वर्धनावर पेशींच्या लांबट ओळी शोधा, मग मोठं भिंग फिरवा. पिवळसर पेशीत एका कडेला सरकलेला गडद गोल ठिपका दिसतो, तेच केंद्रक. तो कडेला असतो, कारण पेशीची मधली जागा रिक्तिकेने व्यापलेली असते.

प्रथिनावर पत्ता लिहिलेला असतो असं तुम्ही म्हणता, तो दिसतो कसा?

पत्ता म्हणजे अमिनो आम्लांचा छोटा क्रम. सगळ्यात प्रसिद्ध क्रम माकडांच्या एसव्ही-४० या विषाणूच्या प्रथिनात सापडला: प्रोलिन, लायसिन, लायसिन, लायसिन, अर्जिनिन, लायसिन, व्हॅलिन. फक्त सात. हे काम १९८४ चं. यातलं एक ठराविक लायसिन बदललं की ते प्रथिन केंद्रकाबाहेरच राहतं. आणि हाच तुकडा पायरुव्हेट कायनेज या एरवी बाहेर राहणाऱ्या प्रथिनाला जोडला, तर ते केंद्रकात जाऊन बसतं. पत्ता म्हणजे काय, हे याहून चांगलं दाखवणारा प्रयोग मला माहीत नाही.

लायसिन आणि अर्जिनिन यांच्यावर धनप्रभार असतो, म्हणून हा पत्ता धनप्रभारी असतो. काही प्रथिनांत तो दोन तुकड्यांत असतो, मधे दहा-बारा अमिनो आम्लांचं अंतर सोडून.

प्रथिनाने कुठे जायचं हे त्याच्याच अंगात लिहिलेलं असतं, या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल मिळालं. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या ड्रेस्डेन शहराच्या पुनर्बांधणीसाठी त्यांनी पुरस्काराची रक्कम दिली.

पत्ता वाचते कोण? अन् माल आत गेल्यावर परत बाहेर काहून येत नाही?

पत्ता वाचणारी प्रथिनं म्हणजे इम्पॉर्टिन. इम्पॉर्टिन-अल्फा पत्त्याला चिकटतं, इम्पॉर्टिन-बीटा अल्फाला चिकटतं आणि बीटा छिद्रातल्या त्या धाग्यांशी क्षणभर जुळत, सुटत पुढे सरकतं. धाग्यांची रचना नेमकी कशी आणि इम्पॉर्टिन त्यातून वाट कशी काढतं, यावर शास्त्रज्ञांत आजही एकापेक्षा जास्त मतं आहेत.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. छिद्र दोन्ही दिशांना उघडं आहे, इम्पॉर्टिन दोन्हीकडे फिरतं, मग माल आतच का साठतो? याचं उत्तर रॅन नावाच्या छोट्या प्रथिनात आहे. रॅनची दोन रूपं असतात: जीटीपी हा एटीपीसारखा ऊर्जा देणारा रेणू धरलेलं, आणि त्याची ऊर्जा खर्च झाल्यावर उरणारं जीडीपी धरलेलं. रॅनला नवं जीटीपी देणारं प्रथिन केंद्रकात डीएनएला चिकटून बसलेलं असतं. जीटीपीचं जीडीपी करायला लावणारं प्रथिन बाहेर असतं. त्यामुळे आत रॅन-जीटीपी भरपूर, बाहेर जवळपास नाहीच.

कापूस भरलेली गाडी जिनिंगच्या आवारात येते, ती रिकामी करणारे हमाल आवाराच्या आतच असतात, रस्त्यावर कोणी गाडी उतरवत नाही. तसं रॅन-जीटीपी आतच असतं. ते इम्पॉर्टिन-बीटाला चिकटलं की माल सुटतो. रिकामं इम्पॉर्टिन रॅनसह बाहेर येतं, बाहेर जीटीपीचं जीडीपी होतं, रॅन सुटतं आणि इम्पॉर्टिन पुढच्या खेपेला मोकळं होतं.

ऊर्जा खर्च होते ती इथे, छिद्र ओलांडताना नव्हे. १९९९ मध्ये संशोधकांनी प्रयोगात रॅनची स्थिती उलटी केली, बाहेर रॅन-जीटीपी वाढवलं, तेव्हा वाहतुकीची दिशाच उलटली. दिशा छिद्रात नाही, रॅनच्या या फरकात आहे. बारावीच्या मुलांनी या विषयातली एकच गोष्ट पक्की करायची असेल तर ही करावी.

आत पोहोचल्यावर पत्ता पुसला जातो का?

नाही. आंतर्द्रव्यजालिकेत जाणाऱ्या प्रथिनाचा पत्ता बहुधा कापून टाकला जातो, केंद्रकाचा कायम राहतो. आपल्या पेशींचं विभाजन होताना केंद्रकपटल विरघळतं आणि आतलं-बाहेरचं एकत्र होतं. नवं पटल तयार झालं की तीच प्रथिनं पुन्हा आत जावी लागतात, म्हणून पत्ता लागतोच.

हे सगळं चालतं किती वेगाने?

एका छिद्रातून सेकंदाला सुमारे १,००० फेऱ्या होऊ शकतात, दोन्ही दिशांच्या मिळून. एका रेणूला छिद्र ओलांडायला काही मिलिसेकंद पुरतात.

दवाखान्यात डेक्साचं इंजेक्शन देतात, त्याचा याच्याशी संबंध असतो का?

थेट संबंध आहे. डेक्सामेथासोन पेशीत शिरून एका ग्राही प्रथिनाला चिकटतं. तोवर ते ग्राही प्रथिन पेशीद्रव्यात दुसऱ्या प्रथिनांच्या विळख्यात थांबलेलं असतं. औषध चिकटलं की ते केंद्रकाकडे निघतं आणि अर्ध्या तासाच्या आत बरंचसं आत पोहोचतं. तिथे ते सूज वाढवणाऱ्या जनुकांचं काम दाबतं. जनुकांमार्फत काम व्हायचं असल्याने पुरता परिणाम दिसायला काही तास जातात. टोचल्याबरोबर आराम का पडत नाही, याचं कारण हे. आणि इतक्या जनुकांना हात लावणारं औषध दर तापाला मागून घेऊ नये, हे मी पालकांना आग्रहाने सांगतो.

आमच्या धानाच्या करप्याशी हे कसं जोडता?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यातल्या मुलांना हा प्रश्न पडायलाच हवा. कडा करपा करणारा झँथोमोनास जिवाणू धानाच्या पेशीत शिरत नाही. तो बाहेर राहून सुईसारख्या नळीतून आपली प्रथिनं पेशीत टोचतो. त्यांतल्या काही प्रथिनांच्या शेपटीकडे चक्क केंद्रकाचा पत्ता असतो. जिवाणूला स्वतःला केंद्रक नाही, त्याला या पत्त्याचा घरी काही उपयोग नाही. तो फक्त झाडासाठी आहे.

धानाचं इम्पॉर्टिन तो पत्ता वाचतं आणि शत्रूचं प्रथिन आत नेऊन सोडतं. आत ते डीएनएवरची ठरलेली जागा शोधतं आणि स्वीट नावाची जनुकं चालू करतं. ही जनुकं साखर पेशीबाहेर सोडणारी प्रथिनं बनवतात. जिवाणू त्या साखरेवर वाढतो.

शेतात खात्री करायची असेल तर सोपी रीत आहे. पानाचा वाळलेला आणि हिरवा भाग जिथे भेटतो, तिथला तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधट धार पाण्यात उतरते. ते जिवाणू आहेत. बुरशीच्या करप्यात अशी धार येत नाही, आणि बुरशीनाशकावर पैसे घालायच्या आधी हे पाहून घ्यावं.

लिंबावरचा खैऱ्या त्याच कुळातल्या जिवाणूचा. पानाच्या दोन्ही बाजूंना उठलेले खरबरीत ठिपके आणि भोवती पिवळं कडं. कागदी लिंबावर तो जास्त, संत्र्यावर त्यामानाने कमी. तिथेही जिवाणूचं प्रथिन झाडाच्या केंद्रकात जाऊन पेशींची वाढ चेतवणारं जनुक चालू करतं, म्हणून तो ठिपका फुगतो.

मंग हे दारच बंद करणारी फवारणी काहून नाही?

कारण झाडाची स्वतःची प्रथिनंही तिथूनच जातात. ते बंद केलं तर झाडच मरेल. उपाय वेगळ्या जागी सापडला. काही धानांत स्वीट जनुकाच्या आधीची, जिथे जिवाणूचं प्रथिन बसतं ती जागाच बदललेली असते. प्रथिन केंद्रकात पोहोचतं, पण त्याला बसायला जागा मिळत नाही. एक्सए-१३ या प्रतिकारक जनुकामागचं गुपित हेच. ते आणखी दोन प्रतिकारक जनुकांसह सांबा मसुरी या धानाच्या वाणात आणून हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने आणि सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन केंद्राने सुधारित सांबा मसुरी हे वाण तयार केलं, २००८ मध्ये ते प्रसारित झालं.

सोयाबीनचा येलो मोझॅक?

हा विषाणू, पांढऱ्या माशीतून पसरणारा. त्याच्याकडे डीएनएची प्रत काढायची स्वतःची यंत्रणा नाही, म्हणून त्याला झाडाच्या केंद्रकात जावंच लागतं. मूग-उडदावरच्या येलो मोझॅक विषाणूच्या आवरण-प्रथिनात केंद्रकाचा पत्ता आहे आणि ते इम्पॉर्टिन-अल्फाला चिकटतं, हे दाखवलं गेलं आहे. सोयाबीनवर येणारे विषाणू त्याच गटातले. केंद्रकातून बाहेर पडायला त्याच्याकडे वेगळं प्रथिन असतं. एकदा विषाणू केंद्रकात गेला की फवारून तो निघत नाही. म्हणून पिवळं झाड दिसताच उपटून नष्ट करणं आणि पांढऱ्या माशीला आवरणं, एवढंच हातात राहतं.

सरकीच्या ढेपेतलं बीटी प्रथिन जनावराच्या केंद्रकात जातं का?

नाही. क्राय-वन-एसी हे बीटी प्रथिन बोंडअळीच्या आतड्यातल्या पेशींच्या पटलावर काम करतं, तिथे भोकं पाडतं. त्याचं काम केंद्रकाशी नाहीच. जनावराच्या पोटात ते इतर प्रथिनांसारखं पचतं.

पण बीटी कपाशी तयार होताना केंद्रकाचा पत्ता नक्की वापरला गेला. भारतात २००२ मध्ये मंजुरी मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीतलं जनुक अॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या मदतीने घातलेलं आहे. तो आपल्या डीएनएचा तुकडा झाडात पाठवतो, तेव्हा त्याच्यासोबत अशी प्रथिनं देतो ज्यांवर केंद्रकाचा पत्ता असतो. डीएनएवर पत्ता नसतो, म्हणून तो प्रथिनाच्या सोबतीने आत जातो.

कोरोनात आयव्हरमेक्टिन घेतलं, ते इम्पॉर्टिनवर काम करतं म्हणे?

गोचिडासाठी जनावरांना देतात तेच हे औषध. प्रयोगशाळेत ते इम्पॉर्टिनला अडवतं हे कोरोनाच्या आधीच दिसलं होतं. २०२० मध्ये काचपात्रातल्या पेशींत त्याने कोरोना विषाणूची वाढ रोखली, आणि तिथून गोळ्यांचा बाजार उठला. पण त्या प्रयोगातली मात्रा नेहमीच्या डोसाने रक्तात पोहोचणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट होती. पुढे माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत उपयोग दिसला नाही. काचपात्रातली पेशी आणि आजारी माणूस यांत केवढं अंतर आहे, हे मी याच उदाहरणाने शिकवतो.

सिकलसेलच्या नव्या उपचारात केंद्रकाचा संबंध कसा? लाल पेशीत तर केंद्रकच नसतं.

बरोबर, आपल्या पक्व लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं. म्हणून दुरुस्ती अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत करावी लागते. त्या पेशींत केंद्रक आहे, आणि लाल पेशी त्यांच्यापासूनच तयार होतात.

बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन बनतं, ते जन्मानंतर बंद पडतं. बंद करणारं प्रथिन म्हणजे बीसीएल-११ए, तेही केंद्रकात काम करणारं. त्याच्या जनुकाचा एक नियंत्रक भाग कॅस-नाईन या डीएनए कापणाऱ्या प्रथिनाने कापला, की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकायच्या कमी होतात. हा उपचार २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मंजूर केला.

कॅस-नाईन मूळचं जिवाणूचं, सुमारे १६० किलोडाल्टनचं. छिद्रातून आपोआप झिरपायला ते फार मोठं, आणि माणसाच्या केंद्रकाचा पत्ता त्याच्यावर मुळात नाही. म्हणून तो जोडावा लागतो. यासाठी सर्रास वापरला जाणारा पत्ता म्हणजे एसव्ही-४० विषाणूचा तोच सात अमिनो आम्लांचा क्रम.

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आमच्या पोराला कधी मिळेल? अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि त्याआधी केमोथेरपी देऊन जुनी अस्थिमज्जा काढावी लागते. आज हाताशी आहे ते हायड्रॉक्सीयुरिया, आणि तेही गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यायचं औषध आहे, मधूनच सोडायचं नाही.

ते कॅस-नाईन मंग आयुष्यभर पेशीत राहते का?

नाही. या उपचारात पेशी शरीराबाहेर काढून त्यांत तयार प्रथिनच सोडतात. पेशी ते काही दिवसांत मोडून टाकते. डीएनएवरचा बदल मात्र राहतो आणि त्या पेशीपासून होणाऱ्या पुढच्या सगळ्या पेशींत जातो. तो बदल रक्ताच्या मूळ पेशींतच असतो, म्हणून पुढे जन्मणाऱ्या मुलाबाळांत जात नाही. उपचार घेतलेल्या माणसाने लग्न ठरवताना जोडीदाराची सिकलसेल तपासणी तेव्हाही करूनच घ्यावी लागते.